कौन्सेलिंग ट्रेनीसाठी रेमिडिएशन प्लॅन: सुपरवायझर आणि ट्रेनी दोघांकडून नेहमी येणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, अमरावती, गडचिरोली अशा आपल्या भागात एमएसडब्ल्यूच्या नाहीतर एमए सायकॉलॉजीच्या पोरापोरींना जे लोक फील्डवर सुपरव्हाइज करून राहिले, त्यांच्याकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. ट्रेनींकडूनही येतात, पण ते रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर आणि "मॅडम कोणाला सांगू नका" असं म्हणून येतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते. वरून खाली वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढं वाचा.

रेमिडिएशन प्लॅन म्हणजे नेमकं काय? आपण दर आठवड्याला फीडबॅक देतोच ना?

फीडबॅक चालूच असतो, "हा प्रश्न असा विचारला असता तर बरं झालं असतं" हे प्रत्येक ट्रेनीला ऐकावं लागतं आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. रेमिडिएशन प्लॅन म्हणजे सुधारणेचा लेखी प्लॅन, त्याची वेळ तेव्हा येते जेव्हा तीच गोष्ट दोनतीनदा सांगूनही बदलत नाही, किंवा एकदाच झाली पण इतकी गंभीर आहे की पुढच्या क्लायंटला त्रास होऊ शकतो. मग ते कागदावर आणायचं: काय दिसलं, काय दिसायला पाहिजे, त्यासाठी आपण काय मदत करणार, कधीपर्यंत, कोण तपासणार, आणि नाही जमलं तर पुढे काय. दोघांची सही, तारीख, एक कॉपी ट्रेनीच्या हातात. तोंडी "जरा सुधारणा कर बेटा" म्हटलं की त्याला प्लॅन म्हणता येत नाही, कारण सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही काय ठरलं होतं.

इथं आधीच माणसं नाहीत मॅडम. जो आहे त्याला सांभाळून घेतलं तर काय बिघडते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब लिहिते.

झरी जामणीकडच्या नाहीतर मारेगावकडच्या एखाद्या खेड्यातला कास्तकार कौन्सेलरकडे येतो तेव्हा त्या दिवसाची मजुरी सोडून येतो, एसटीचा एक फेरा चुकला तर अर्धा दिवस स्टँडवर बसतो, आणि घरी सांगून येतो की बीपी दाखवायला चाललो. तो एकदाच येतो. समोरच्या पोराने त्याचं ऐकलंच नाही, किंवा दार उघडं ठेवून बाहेरच्या रांगेसमोर "दारू किती पिता" विचारलं, तर तो माणूस परत येत नाही आणि त्याच्या गावातला दुसराही येत नाही, कारण संध्याकाळी पारावर ती गोष्ट पोचलेली असते. शहरात एक कौन्सेलर नाही आवडला तर दुसरा सापडतो, इथं पुढचा कौन्सेलर जिल्ह्याच्या ठिकाणी असतो.

आणि माणसं कमी म्हणजे दर्जा कमी चालेल असं कुठं ठरलंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला, त्यात गावपातळीवर ट्रेनिंग दिलेले कार्यकर्ते आणि कौन्सेलर होते. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्रीत ते छापून आलं. म्हणजे मोठ्या डिग्र्या नसलेला माणूसही हे काम करू शकतो, पण त्याला शिकवणारं आणि त्याचं काम बघणारं कोणीतरी पाठीशी लागते. सांभाळून घेणं म्हणजे हे बघणंच सोडून देणं, आणि त्याची किंमत ट्रेनी देत नाही, सुपरवायझर देत नाही, तो एसटीने आलेला माणूस देतो.

गडबड नेमकी कुठं आहे हे कसं ओळखायचं? मला फक्त एवढं कळतं की सेशन जमून नाही राहिलं.

जनीन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये सुपरव्हिजनचं एक मॉडेल मांडलं, डिस्क्रिमिनेशन मॉडेल म्हणतात त्याला, इथं ते फार कामाला येते. त्यात ट्रेनीकडे तीन बाजूंनी बघायचं. एक, कौशल्य: प्रश्न विचारणं, शांत बसणं, सेशन सुरू आणि बंद करणं जमतं का. दोन, समज: क्लायंटचं काय चाललंय याचं चित्र डोक्यात नीट बसतं का. तीन, स्वतः ट्रेनी: त्याच्या स्वतःच्या भावना, मतं, भीती सेशनच्या मधे येतात का. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं, ट्रेनी गप्प बसला एवढंच दिसतं. पण एकजण गप्प बसतो कारण पुढचा प्रश्न माहीत नाही, दुसरा बसतो कारण त्याला हे डिप्रेशन आहे हेच उमगलं नाही, आणि तिसरी बसते कारण समोरच्या बाईचा नवरा तिच्या बापासारखाच पितो. पहिल्याला रोल प्ले द्या, दुसऱ्याला केस मांडायला लावा, तिसरीशी निवांत बोला. तिघांना एकच "पुस्तक वाचून ये" सांगितलं तर तिघंही तिथंच राहतात.

प्लॅनमध्ये "ॲटिट्यूड बरोबर नाही" असं लिहिलं तर चालते का?

नाही चालत. ॲटिट्यूड, मॅच्युरिटी, सिन्सिअरिटी, हे शब्द प्लॅनमध्ये दिसले की तो कागद मी परत पाठवते. असा कागद घेऊन ट्रेनीने सोमवारी सकाळी नेमकं करायचं काय? जे डोळ्यांना दिसलं, कानांना ऐकू आलं ते लिहा. "फीडबॅक घेत नाही" च्या जागी "मागच्या तीन सुपरव्हिजनमध्ये ठरलेले बदल पुढच्या सेशनच्या रेकॉर्डिंगमध्ये दिसले नाहीत, आणि विचारल्यावर क्लायंटच तसा होता असं उत्तर आलं". दुसरं वाक्य वाचून ट्रेनीला कळतं काय बदलायचं आणि वाद घालायचा असेल तर कशावर घालायचा.

एखादं उदाहरण द्याल का? लिहायला बसलं की सुचतच नाही.

देते. हा प्रसंग एका कोणाचा नाही, असे बरेच रेकॉर्डिंग ऐकून जे डोक्यात राहतं तो आहे.

पीएचसीची, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची, मागची खोली. क्लायंट म्हणतो, "आता जगून का करू जी मॅडम, सोयाबीन बी गेलं अन् पोरीचं लग्न बी राहिलं." ट्रेनी लगेच म्हणते, "काका असं नाही बोलायचं, सगळं ठीक होईल," आणि फॉर्मवरचा पुढचा प्रश्न विचारते, झोप कशी लागते. काका म्हणतात, "लागते." तिथून पुढे काकांची सगळी उत्तरं एका शब्दाची. नोट्समध्ये लिहिलंय: आर्थिक ताण, समुपदेशन केले.

ती पोरगी दुष्ट नाही, घाबरली आहे, तिला वाटतं मरणाचं विचारलं तर विचार अजून पक्का होईल. तसं होत नाही, सरळ विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात भरत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. पण हे तिला वर्गात शिकवलेलं असूनही तोंडातून निघत नाही, तर प्लॅन असा लिहायचा:

काय दिसलं: या दोन तारखांच्या सेशनमध्ये क्लायंटने जगण्याबद्दल निराशा बोलून दाखवली, ट्रेनीने पुढे काही विचारलं नाही, नोट्समध्ये रिस्क लिहिली नाही, त्या दिवशी सुपरवायझरला फोन केला नाही.

काय दिसायला पाहिजे: असा उल्लेख आला की त्याच सेशनमध्ये सरळ विचारणं, मरायचे विचार येतात का, किती दिवसांपासून, कसं करायचं मनात आलं, आधी कधी प्रयत्न केला का, घरात फवारणीचं औषध कुठं ठेवता. त्याच्याबरोबर बसून सेफ्टी प्लॅन, म्हणजे मरायचा विचार आला तर काय करायचं आणि कोणाला फोन लावायचा याची यादी, बनवणं, औषध घराबाहेर कुलपात किंवा भावाकडे ठेवायचं हे घरच्या एका माणसाशी क्लायंटच्या संमतीने ठरवणं, आणि तिथूनच सुपरवायझरला फोन.

आम्ही काय देणार: दर आठवड्याला एक जादा तास, त्यात रोल प्ले, आधी सुपरवायझर कौन्सेलर होणार आणि ट्रेनी बघणार, मग उलट. अनुभवी कौन्सेलरच्या सेशनमध्ये क्लायंटच्या परवानगीने बसायला मिळणार.

तोपर्यंत: नवीन क्लायंटसोबत ट्रेनी एकटी बसणार नाही.

तपासणी: तिसऱ्या आठवड्यात मधला रिव्ह्यू, सहाव्यात शेवटचा, रोल प्ले आणि प्रत्यक्ष सेशन दोन्ही बघून.

फवारणीच्या औषधाचं वाक्य मी मुद्दाम त्यात घालते. आपल्याकडे मोनोसिलपासून सगळं घराच्या कोपऱ्यात पडलेलं असतं, आणि रागाच्या नाहीतर दारूच्या भरात हात तिकडेच जातो. मधे थोडा वेळ आणि थोडं अंतर पडलं तर जीव वाचतात. शहरात छापलेल्या फॉर्ममध्ये हा प्रश्न नसतो.

आणि हो, त्या काकांचं काय? प्लॅन लिहायच्या आधी त्यांना सुपरवायझरने स्वतः त्याच दिवशी फोन लावायचा, नाही लागला तर आशाताईला घरी पाठवायचं. ट्रेनीची सुधारणा त्याच्यानंतर.

सेशन न बघता प्लॅन बनवता येतो का? आमच्याकडे ना काचेतून सेशन बघायची खोली ना नेटवर्क.

न बघता बनवू नका. ट्रेनीच्या तोंडून ऐकलेल्या सेशनवर प्लॅन म्हणजे ऐकीव गोष्टीवर शिक्षा. काचेची खोली नको, क्लायंटला विचारून कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा, किंवा साध्या मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. संमती मात्र खरी पाहिजे, म्हणजे वऱ्हाडीत समजावून सांगितलेली, "हे रेकॉर्डिंग ताईंना शिकवाले मी ऐकतो, मंग पुसून टाकतो, तुम्ही नाही म्हटलं तरी तुमचं काम होईन" अशी. फोनला लॉक पाहिजे, ऐकून झालं की डिलीट, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं नाही, कितीही घाई असली तरी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयता हा पेशंटचा हक्क म्हणून लिहिलेला आहे, आपली मेहेरबानी म्हणून नाही.

कोणत्या गोष्टीत प्लॅन न देता लगेच थांबवायचं?

क्लायंटशी लैंगिक किंवा प्रेमाचे संबंध, क्लायंटकडून पैसे उसने घेणं, खोट्या सेशनच्या नोंदी, नशेत कामावर येणं. यात पहिल्या दिवशीच क्लायंटपासून बाजूला करायचं आणि कॉलेजला लेखी कळवायचं, पुढे चौकशी, मग काय ते.

पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, वेगळं सांगते कारण गावात यात लय गोंधळ होतो. १८ वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे ट्रेनीलाही लागू आहे. "पोरीची बदनामी होईल, घरचेच नाही म्हणून राहिले" म्हणून ट्रेनीने दाबून ठेवलं तर तो त्याचा चांगुलपणा नाही, कायद्याने गुन्हा आहे. पण मला आधी हे विचारायचं असतं की त्या ट्रेनीला प्लेसमेंटच्या, म्हणजे फील्डवरच्या ट्रेनिंगच्या, पहिल्या आठवड्यात हे कोणी शिकवलं होतं का, असं झालं तर पहिला फोन कोणाला हे भिंतीवर लिहिलेलं होतं का. नसेल तर एक प्लॅन त्या सेंटरसाठीपण बनवा.

ट्रेनीची भाषा पुस्तकी आहे, लोकांना कळत नाही. यावर प्लॅन द्यायचा का?

आधी शिकवा, प्लॅन नंतर. "तुम्हाला नैराश्याची भावना जाणवते का" याला "नाही" असंच उत्तर येणार. "जीव लागते का कामात", "डोक्यात इचार फिरत राह्यते का", "एकटं बसावं वाटते का" असं विचारलं की माणूस खुलतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, तिथं तर मराठीच दुसरी भाषा, मग दुभाषी कोण आणि तो गोष्ट गावात फोडणार नाही ना, हे ट्रेनीच्या आधी सुपरवायझरने बघायचं.

याची उलटी बाजूपण सांगते आणि ती मला जास्त टोचते. ट्रेनी खेड्यातला आहे, वऱ्हाडी बोलतो, इंग्रजी रिपोर्ट अडखळत लिहितो, म्हणून त्याला कच्चा समजून प्लॅन देणारे सुपरवायझर असतात. त्याच पोराशी क्लायंट तासभर बोलतात. जात, बोली, कपडे, आडनाव यातलं काही आपल्या निर्णयात शिरलं का हे तपासायचा एक साधा उपाय आहे: नाव झाकून ते रेकॉर्डिंगचं लिखाण दुसऱ्या सुपरवायझरला वाचायला द्या आणि त्याला काय कमी दिसतं ते विचारा.

ट्रेनी म्हणतो आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याची केस घेणार नाही, माझ्या मतात बसत नाही. मतावर प्लॅन देता येतो का?

मतावर नाही, वागण्यावर देता येतो. घरी त्याने काय मानायचं ते मानो, खुर्चीत बसल्यावर क्लायंटवर आपलं मत लादायचं नाही. अमेरिकेत यावर कोर्टात केस झालेली आहे, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा स्टेट युनिव्हर्सिटीत २०१० मध्ये समलिंगी क्लायंटबद्दलच्या मतांवरून एका विद्यार्थिनीला रेमिडिएशन प्लॅन दिला, ती कोर्टात गेली, आणि २०११ मध्ये अपील कोर्टाने युनिव्हर्सिटीला रोखायला नकार दिला. तिथंही मुद्दा हाच होता की क्लायंटशी व्यवसायाच्या नियमांप्रमाणे वागता आलं पाहिजे. आपल्याकडच्या प्लॅनमध्ये लिहा की अशा जोडप्यासोबतच्या रोल प्लेमध्ये ट्रेनी त्यांच्या निर्णयाची चौकशी न करता त्यांनी आणलेल्या अडचणीवर काम करताना दिसला पाहिजे.

ट्रेनीच्या स्वतःच्या घरात आत्महत्या झाली आहे, अशा केसला तो थिजून जातो. मीच त्याचं कौन्सेलिंग करू का?

आपल्या भागात असे ट्रेनी भेटतात, आणि याच कारणाने ते या क्षेत्रात आलेले असतात, तर फार जपून बोला. पण कौन्सेलिंग तुम्ही करायचं नाही. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेत हे सरळ लिहिलंय, सुपरवायझर ट्रेनीला कौन्सेलिंग देत नाही, योग्य ठिकाण शोधून द्यायला मदत करतो. ती संहिता आपल्यावर बंधनकारक नाही पण कारण इथंही तेच लागू पडते: जो तुम्हाला पास नापास करणार त्याच्यासमोर मन मोकळं कसं होणार? टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येते, फुकट आहे. सेवाग्राम, सावंगी, नागपूरला मेडिकल कॉलेजांत सायकियाट्री विभाग आहेत, म्हणजे ओळखीच्या तालुक्याबाहेर जाता येते. ट्रेनी तिथं काय बोलला ते तुम्ही विचारायचं नाही. तुम्ही बघायचं ते एवढंच की सेशनमध्ये आता थिजतो का, आणि तोवर अशा केसेस त्याच्याकडे द्यायच्या नाहीत.

ट्रेनीला हे सांगायचं कसं? रडते, नाहीतर बापाला घेऊन येते.

बंद खोलीत, समोरासमोर, आणि शुक्रवारी संध्याकाळी शेवटच्या गाडीच्या आधी नाही. पहिल्या दोन मिनिटांत विषयावर या, इकडंतिकडचं बोलत बसलं की तिची धडधड वाढत जाते. रेकॉर्डिंगचा तो भाग दोघांनी मिळून ऐका आणि आधी तिलाच विचारा की इथं काय झालं असं वाटतं, बऱ्याचदा ती स्वतःच बरोबर सांगते आणि मग प्लॅन निम्मा तिच्याच शब्दात लिहिता येतो. सही त्याच दिवशी मागू नका, एकदोन दिवस वाचू द्या, तिचं म्हणणं लिहायला खाली जागा ठेवा. वडील आले तर चहा पाजा, मानाने बसवा, पण केसेसबद्दल आणि प्लॅनबद्दल त्यांच्याशी बोलायचं नाही, ट्रेनी सज्ञान आहे.

किती दिवसांचा ठेवायचा?

कौशल्याचं असेल तर सहा ते आठ आठवडे पुरतात, मधे एक रिव्ह्यू. दिवाळी, परीक्षा आणि कापूस वेचणी बघून तारखा टाका, घरच्या वावरात वेचणीला हात लागतात म्हणून पोरं गैरहजर राहतात आणि मग तेच प्लॅन फेल झाल्याचं कारण होऊन बसते.

प्लॅन पूर्ण नाही झाला तर?

मुदत एकदा वाढवता येते, पण सुधारणा दिसत असेल तरच. नाहीतर प्लेसमेंट परत करायला लावणं, आणि शेवटी कोर्समधून थांबवण्याची शिफारस. हा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, कॉलेजचा कोऑर्डिनेटर आणि बाहेरचा एक अनुभवी माणूस सोबत घ्या, कारणं लिहून ठेवा, आणि कुठं दाद मागायची हे ट्रेनीला लेखी द्या. आपल्या देशात साध्या कौन्सेलरसाठी लायसन्सची पद्धत अजून रुळलेली नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते, आणि २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याने बाकीच्यांसाठी नोंदणीची वाट उघडली आहे. त्यामुळे सध्या तरी ट्रेनी गावात बोर्ड लावायच्या आधी त्याला थांबवू शकणारे शेवटचे लोक म्हणजे कॉलेज आणि आपणच.

मी ट्रेनी आहे, मला प्लॅन मिळाला. संपलं का सगळं?

नाही गं, नाही रे. ज्याच्याबद्दल कोणाला काही वाटत नाही त्याच्यासाठी कोणी जादा तास काढत नाही. पण तुमचेही हक्क आहेत ते वापरा. प्रत्येक मुद्द्याला "हे कोणत्या सेशनमध्ये दिसलं" विचारा. सुपरवायझरने कबूल केलेला जादा तास झाला नाही तर तारखेसकट लिहून ठेवा आणि कोऑर्डिनेटरला कळवा, कारण मदत न देता तपासणी करणं अन्याय आहे. पटत नसेल तर न भांडता खाली लिहा, "मला हा मुद्दा मान्य नाही, कारण". ग्रुपमध्ये कोणाला मिळाला, कोणाला नाही, याची चर्चा करू नका, ती तुमच्याच क्लायंटपर्यंत पोचते, गाव केवढंसं असते.

हा कागद शेवटी राहतो कोणाकडे?

एक कॉपी ट्रेनीकडे, एक कॉलेजच्या फाईलमध्ये, एक सुपरवायझरच्या कुलपात. सेंटरच्या उघड्या रॅकवर नाही, जिथं ड्रायव्हरपासून शिपायापर्यंत सगळे चाळतात. क्लायंटचं नाव, गाव, आडनाव प्लॅनमध्ये कुठंच येऊ देऊ नका, नुसता केस नंबर टाका, आणि गाव लहान असेल तर "दोन एकरवाला, तीन पोरींचा बाप" असं वर्णनही नको, तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. प्लॅन पूर्ण झाला की "पूर्ण" असं लिहून दोघांची सही घ्या आणि ट्रेनीच्या नेहमीच्या केसेस त्याच आठवड्यात परत सुरू करा.